पुलाखालची काच

बस पुलाच्या अलीकडे थांबलीच नाही. ईनॉक टँडीचा हात सवयीनं पुढच्या बाकाच्या दांडीवर गेला होता, टोपी सारखी करून झाली होती, गुडघे उठायच्या बेतात होते. आठ वर्षं या ठिकाणी त्याचं अंग आपणहून उठत आलं होतं, त्याला सांगावं लागत नसे. हॅगर्स पुलाच्या तोंडाशी बस उभी राहायची, कंडक्टर हॉरेस घंटी द्यायचा, झाडून सगळी माणसं खाली उतरायची आणि पायी पूल ओलांडायची. मागून रिकामी बस दबकत दबकत पुलाची पाठ चढायची, पलीकडे उतरायची, आणि माणसं पुन्हा आपापल्या उबेत जाऊन बसायची. पाऊस असो, बर्फ असो, कडेवर पोर असो. नव्या माणसाला हसू यायचं, जुन्यांना त्यात काही वाटेनासं झालं होतं. दीडशे वर्षांचा विटांचा पूल, एकच कमान, खाली कालवा. घोडागाड्या पलीकडे नेण्यापुरता बांधलेला. त्याच्या पोटात तडा सापडल्यापासून हा रिवाज पडला होता. आज मात्र चाकं तशीच चढली. माथ्यावर गाडीला एक बारीक हादरा बसला, कुठल्याही उंचवट्यावर बसतो तेवढाच, मागच्या बाकावरच्या पोरींनी हसून टाळ्या वाजवल्या, आणि ईनॉकनं दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हॉरेस तिकिटांचं यंत्र सावरत मोठ्यानं म्हणाला, "आजपासून उतरायचं नाही, मंडळी. वरून हुकूम आलाय. पूल ठणठणीत आहे म्हणे, तुमच्या-माझ्यापेक्षा." शेजारी बसलेल्या बेरिलनं, त्याच्या मुलीनं, सातव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवून सुस्कारा टाकला. कोट सोडून ऐसपैस बसत ती म्हणाली, "सुटले बाई. रोज त्या चढावर वाटायचं की इथंच होते की काय."

बस खाली उतरून फोर्ज रस्त्याला लागली तरी ईनॉक दांडी धरून होता. हुकूम कुठून आला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरात पुलांच्या ऑफिसातला तरणा इंजिनिअर लँगटन आला होता, गुळगुळीत दाढीचा, रबरी बूट अजून नवेकोरे असलेला. ईनॉकनंच त्याला होडीतून कमानीखाली नेलं होतं. ईनॉकनंच कंदील वर धरला होता. साडेतीन मैलांच्या या कालव्याचा तो राखणदार, त्याच्याशिवाय धरणार कोण? तड्यावर आडवी बसवलेली ती काच लँगटननं बोटानं पुसली. वीतभर लांब, बोटभर रुंद, साध्या खिडकीची काच, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे. तडा केसभर जरी हलला तरी काच फुटते, म्हणून कामगार तिला चुगलखोर म्हणत. सिमेंटमध्ये खिळ्यानं कोरलेली तारीख लँगटननं मोठ्यानं वाचली, चौदा चार एकोणपन्नास, आणि त्याचा चेहरा उजळला. आठ वर्षं, साडेपाच महिने, आणि काच अखंड. म्हणजे तडा जुना, मेलेला. तो ईनॉकचा हात हातात घेऊन म्हणाला की तुमच्यासारखी माणसं नीट निगा राखतात म्हणून आम्हाला झोप लागते. ईनॉक तेव्हा काही बोलला नाही. न बोलण्याची त्याची ख्याती होती, ती त्या दिवशी फार उपयोगी पडली.

ती काच एकोणपन्नासची नव्हती. छप्पन सालच्या फेब्रुवारीत, कालवा तळापर्यंत गोठतो की काय अशी थंडी पडली तेव्हा, ईनॉकनं ती आपल्या हातानं बदलली होती. या एका गोष्टीभोवती त्याचं मन आता घाण्याच्या बैलासारखं फिरायला लागलं. त्या महिन्यात रोज बर्फफोडी होडी निघायची. आठ माणसं मधल्या दांडीला धरून उभी राहत आणि डावीकडे उजवीकडे झुलत होडी हलवीत, म्हणजे तिच्या कुशीखाली बर्फ चुरडे. पुढे दोन घोडे, मागे सुकाणूवर एक जण, आणि ईनॉक टोकाला लांब काठी घेऊन, भिंतीपासून होडी दूर ढकलायला. कमानीखाली शिरताना आवाजानं कान बधिर होत. बर्फ फुटतोय, माणसं शिव्या घालताहेत, घोड्यांचे नाल वाजताहेत, आणि वर सगळं विटांवर आपटून परत येतंय. त्याच्या काठीचं लोखंडी टोक कमानीला कुठंतरी लागलं होतं. एवढं त्याला पक्कं आठवत होतं. आणि एक नाजूक किणकिण ऐकू आली होती, चहाचा पेला बशीवर ठेवावा तेवढी. त्या वेळी त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. घरी एडिथ, त्याची बायको, छातीत पाणी होऊन पडली होती आणि डॉक्टर म्हणाला होता की हा आठवडा निघाला तर बघू. शुक्रवारी तो नेहमीप्रमाणे काच बघायला गेला, तर काच मधोमध फुटलेली.

आपण फोडली, एवढंच त्याच्या मनात आलं. दुसरं काही आलंच नाही, आणि खरं सांगायचं तर येऊ दिलं नाही. कळवलं असतं तर पूल बंद, चौकशी, वरून साहेब लोक, आणि पहिला प्रश्न हाच की राखणदाराचं डोकं कुठं होतं. कालव्याकाठचं घर नोकरीबरोबर आलेलं, नोकरी गेली की घर गेलं. आत एडिथ श्वास मोजून घेत होती. त्यानं शेडमधून काचेचा तुकडा आणला, कापला, सिमेंट कालवलं, उबेला म्हणून रात्रभर गोणपाट बांधलं. आणि ओल्या सिमेंटवर खिळा टेकवला तेव्हा त्याचा हात थांबला होता. आजची तारीख घालायची की जुनी? तारीख काचेची नसते, तड्याची असते, असं त्यानं स्वतःला समजावलं. जुना मुकादम जोसाया नेहमी तेच म्हणायचा. काच काय, चिमणीच्या चोचीनंही फुटेल. तडा कधीपासून झोपलाय ते लिहायचं. काच मी फोडली, तडा हललाच नाही, मग तारीख बदलायचं कारण काय? ईनॉकनं जुनीच तारीख कोरली, आणि वर त्याला आपण काहीतरी चोख काम केल्यासारखं वाटलं. एडिथ त्याच आठवड्यात गेली. मग ती काच, ते सिमेंट, तो खिळा, सगळं त्या आठवड्याच्या अंधारात गाडलं गेलं आणि ईनॉकनं ते उकरून पाहिलं नाही. पुलावरून रिकामी बस जात होती, माणसं पायी जात होती, कुणाचं काय बिघडत होतं?

आता बिघडत होतं. त्या सोमवारी संध्याकाळी बेरिल परत आली तीच हसत. बटणांच्या कारखान्यात पोरींनी तिला चिडवलं होतं म्हणे, की तुझ्या बापाची काच पेपरात छापून आली पाहिजे. बटाटे सोलता सोलता ती सांगत होती आणि ईनॉक तिच्या मनगटाकडे बघत होता, एडिथसारख्याच हाडकुळ्या मनगटाकडे. नवरा तिचा पलटणीत, सायप्रसला; बाळंतपण इथंच व्हायचं, याच घरात, एडिथच्या खोलीत. पाळणा आणून झाला होता. ईनॉक म्हणाला, उद्यापासून तू पुलाच्या आधी उतर आणि चालत जा, चालणं बरं असतं या दिवसांत. तिनं मान वर करून पाहिलं. हॉरेस माझ्या एकटीसाठी बस थांबवेल होय, असं म्हणाली, आणि मग जरा हळवी होऊन म्हणाली, "बाबा, तुझ्याच काचेवर विश्वास ठेवून हुकूम निघालाय. सगळ्या रस्त्यानं मला अभिमान वाटत होता, आणि तूच घाबरतोस?" ईनॉकनं बटाट्याची साल उचलून बादलीत टाकली. आपली मुलगी आपल्याविषयी असं काही बोलेल याची त्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती, आणि ती वेळ अशी आली.

दुसऱ्या दिवसापासून तो पुलाखाली जाऊन थांबू लागला. सकाळी सात वीस, संध्याकाळी साडेपाच. काठाची वाट कमानीखाली अरुंद होते, तिथं घोड्यांच्या दोरांनी शंभर वर्षं घासून विटांच्या कोपऱ्यात बोटं बसतील असे खोल चर पाडलेले आहेत. त्या चरांत हात घालून, पाठ ओल्या भिंतीला टेकून तो उभा राहायचा. आधी लांबून घरघर यायची, मग इंजिनाचा सूर बदलायचा, चढ लागला की तो खालच्या पट्टीत जायचा, आणि मग सबंध कमान त्याच्या डोक्यावर भरून जायची, गडगड नव्हे, पोटातून येणारा एक दाट हुंकार. त्यात बेरिल कुठल्या बाकावर असेल ते त्याला विटांमधून दिसायचं. कंदिलाच्या उजेडात तो काचेकडे बघत राहायचा. काच फुटत नव्हती. बस गेली की विटांच्या सांध्यांतून चिमूटभर धूळ पाण्यावर पडायची. ही धूळ आधीही पडत असे का? त्यानं कधी पाहिलं होतं? हातोडीनं तो एकेक वीट वाजवायचा आणि कान लावायचा. तड्याच्या डावीकडची सहावी वीट पोकळ वाजायची. परवा ती पोकळ वाजली नव्हती. की वाजली होती? वीट विटेला ढकलते म्हणून पूल उभा असतो, असं जोसाया सांगायचा, एकीनं ढकलायचं सोडलं की दुसरीला कळायला वेळ लागत नाही. ईनॉक सगळ्या विटांवर नजर फिरवायचा, यातली कुठली सोडतेय ते शोधत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ईनॉकच्या मनात तडे पडले होते, आणि जिकडं बघावं तिकडं ते दिसत होते, घराच्या छतात, कपाच्या कडेला, झोपेत डोळ्यांच्या पापण्यांखाली.

पहिल्या बुधवारी तो ऑफिसात गेलाही होता. सांगायचंच असं ठरवून, धुतलेला सदरा घालून. लँगटननं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतः साखर घालून ढवळून दिला. भिंतीवरच्या नकाशात हॅगर्स पुलावरचा लाल टाचणीचा ठिपका काढून तिथं हिरवा लावलेला होता. लँगटन म्हणाला की या पुलानं त्याच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट आणली, सगळे कालव्याचे पूल मोडकळीला आलेत असं शहरातले लोक ओरडत असतात, पण जुन्या माणसांनी जीव लावून राखले तर पूल टिकतात. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. ईनॉकनं चहा संपवला. गरम चहाबरोबर शब्दही पोटात उतरून गेले. कोणत्या तोंडानं सांगणार, आणि सांगणार तरी काय? की काच मी फोडली, की पुलानं? तेच तर त्याला ठाऊक नव्हतं. मी फोडली असेल तर पूल धड आहे, आणि मी उगाच स्वतःची नोकरी, घर, बेरिलची बाळंतपणाची खोली घालवतोय. पुलानं फोडली असेल तर गेले वीस महिने मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय. परत येताना बसमध्ये पर्सलोबाई त्याच्या शेजारी बसल्या. पाय सुजून खांबासारखे झालेल्या, दर बुधवारी दवाखान्यात जाणाऱ्या. त्यांनी त्याचा हात दाबला आणि सांगितलं की आठ वर्षांत आज पहिल्यांदा त्या हा पूल बसून ओलांडताहेत, देव त्याचं भलं करो. बस चढावर आली. ईनॉकनं डोळे मिटले. त्याला वाटलं आता, आता, आता. मग बस उतरली. पर्सलोबाई अजून बोलतच होत्या.

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास त्यानं होडी सोडली, शेडमधून तीच लांब काठी काढली आणि कमानीखाली गेला. हे त्याला आधीच का सुचलं नाही याचा त्यालाच राग येत होता. सुचलं होतं, पण हात पुढं झाला नव्हता, हे जास्त खरं. होडी त्यानं भिंतीपासून त्या दिवशी होती तेवढ्याच अंतरावर लावली, दोरांच्या चरांवरून ती जागा त्याला पाठ होती. काठी धरली तशी धरली, खांद्यापाशी एक हात, कमरेशी एक. ढकलताना मारायचा तसा झोका दिला. टोक काचेच्या खाली जवळजवळ दीड हात विटांवर टेकलं. त्यानं टाचा उचलल्या. एक हात कमी. मग तो होडीच्या पुढच्या फळीवर चढला, जिथं त्या दिवशी चढणं शक्यच नव्हतं, आठ माणसं झुलत असताना. तरी टोक वीतभर खालीच राहिलं. आणि मग त्याला आठवलं की त्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी अडवणाऱ्या खालच्या दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी फूटभर उतरवलं होतं. म्हणजे होडी आणखी खाली होती. झुलणारी होडी एका बाजूनं उचलली जात असेल, तेही त्यानं जमेला धरलं, प्रामाणिकपणे धरलं. ते धरूनही काठी पोचत नव्हती. काठी हातात घेऊन तो उभा राहिला. ती किणकिण काठी लागल्यावर झाली नव्हती. काठी लागायच्या आधी झाली होती. वरून रिकामी बस गेली होती तेव्हा. त्याला हे आता आठवत होतं की आता रचलं जात होतं, कोण सांगणार? पण काठीची लांबी काही रचलेली नव्हती. रिकाम्या बसखाली हललेला तडा भरलेल्या बसखाली किती दिवस दम धरेल, असं मनात येताच त्यानं काठी आडवी टाकली आणि तो होडीतच खाली बसला. साडेपाचची बस डोक्यावरून गेली तेव्हाही तो तिथंच होता. काच अखंड होती. पहिल्यांदाच त्याला वाटलं, ही फुटली असती तर बरं झालं असतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

शनिवारी सकाळी बेरिल डबा घेऊन बाहेर पडली तेव्हा ईनॉक घरात नव्हता. तो पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध उभा होता, ऑफिसला जाताना घालायचा सदरा घालून. धुकं होतं. बस वळणावरून आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं की म्हातारपणी मरायची हौस आलीय काय. ईनॉक मागच्या दारानं बसमध्ये चढला आणि टोपी काढली. चोवीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक सगळी ओळखीची. चौथ्या बाकावर खिडकीशी बेरिल. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"सगळ्यांनी उतरा. पूल पायी ओलांडा, आधीसारखा."

हॉरेस जवळ आला, हलक्या आवाजात म्हणाला, "ईनॉक, असं नको करू. लेखी हुकूम आहे. बरं नाही का वाटत तुला?"

"हुकूम माझ्या काचेवरनं निघालाय. ती काच एकोणपन्नासची नाही. आधीची फुटली होती, मी गुपचूप दुसरी लावली आणि जुनी तारीख घातली. वाटलं, काठी लागून फुटली. काल मोजून बघितलं. काठी तिथवर पोचतच नाही." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मी आता लँगटनसाहेबाकडंच निघालोय. पण तुम्ही आधी उतरा."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. माणसं एकमेकांकडे न बघता उठली, पिशव्या, छत्र्या, डबे गोळा केले, कुणी खोकलं. कारखान्याच्या पोरी त्याच्याजवळून जाताना अंग चोरून गेल्या. त्याच्या शेजारघरचा माणूस, ज्यानं पाळणा उचलून आणायला मदत केली होती, तो दारापाशी नुसतीच मान हलवून उतरला. धुक्यात सगळे रांगेनं पुलाची पाठ चढू लागले, आठ वर्षं चढत होते तसेच, फक्त आज कुणी गप्पा मारत नव्हतं. ईनॉकही खाली उतरला, हॉरेसनं ड्रायव्हरला खूण केली आणि रिकामी बस त्यांच्यामागून सावकाश निघाली. पूल तसाच उभा राहिला. त्याला काही झालं नाही, आणि त्या क्षणी ईनॉकच्या मनात एक ओंगळ विचार येऊन गेला, की निदान एक वीट तरी पडायला हवी होती.

बेरिल सर्वांच्या शेवटी उतरली होती. ती पुलाकडे गेली नाही. कोटाची बटणं लावत ती त्याच्यासमोर उभी राहिली, सगळी बटणं आता लागत नव्हती, मधली दोन उघडीच राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ईनॉकला वाटलं ती घराचं विचारेल, कुठं जायचं आता, बाळंतपण कुठं करायचं.

"तुला संशय आल्यापासून," ती म्हणाली, "मी किती वेळा गेले वरून?"

"बावीस," तो म्हणाला. "कालची संध्याकाळ धरून."

आकडा विचार न करता आला. जिभेच्या टोकावर बसलेला होता. तो बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते ईनॉकला कळलं, आणि तिलाही कळल्याचं त्यानं पाहिलं. मला नक्की ठाऊक नव्हतं, मला भीती वाटत होती, तुझ्यासाठीच गप्प होतो, असं कितीतरी सांगता आलं असतं. त्यातलं प्रत्येक खरं होतं.

"म्हणजे तू मोजत होतास," ती म्हणाली. तिनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि बाकीच्यांच्या मागून, पुलाच्या बरोबर मधून, चालू लागली.